उघडी माणसे, झाकलेली दफ्तरे

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील रस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर यांची रांग लागते. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी या डोंगरपट्ट्यातील गावे पाहता पाहता अर्धी होतात. भांडीकुंडी, बाजरीचे पोते, एखादी शेळी आणि कडेवरची पोरे घेऊन कोयता निघतो. नवराबायकोच्या जोडीला साखरेच्या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांचे एक अवजार करून टाकणाऱ्या या शब्दात साखरसम्राटांचे सारे अर्थशास्त्र सामावले आहे. या बिऱ्हाडात अलीकडे एका प्लास्टिकच्या पिशवीची भर पडली आहे. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, जातीचा दाखला, मतदार ओळखपत्र आणि या प्रत्येकाच्या दोनदोन झेरॉक्स प्रती तीत असतात. पिशवी जिवापाड जपली जाते. परंतु तिच्यातील कागदांच्या प्रती किती ठिकाणी पडून आहेत, याचा हिशेब त्या कुटुंबाजवळ नसतो. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक सेवा केंद्रात, एक बँक मित्राकडे, एक शाळेत, एक आरोग्य उपकेंद्रात. आणि उचल देताना मुकादमाने ठेवून घेतलेली एक निराळीच.

गरिबाजवळ चोरण्यासारखे काय आहे, असे विचारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. बीड जिल्ह्यातील गेल्या काही वर्षांचा अनुभव या प्रश्नाचे उत्तर देतो. गरिबाजवळ त्याचे नाव आहे, अंगठा आहे, सातबारा आहे, जात आहे, दुखणे आहे. आणि या प्रत्येक गोष्टीला बाजारात भाव आहे. तो भाव घेणारे लोक वेगळे आहेत, एवढेच.

राज्य सरकारने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांची नोंदणी ग्रामसेवकामार्फत करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे ठरवले. मागणी जुनी होती आणि ती कामगारांच्या संघटनांनीच लावून धरली होती. फडात साप चावून माणूस गेला, ट्रॉली उलटून पोर दगावले, तर मेलेला माणूस कोणाचा कामगार होता हे सिद्ध करणारा कागदाचा चिठोरा कधी सापडत नसे. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवी आणि मुकादम देवाकडे. तेव्हा नोंद झाली पाहिजे, याविषयी कोणत्याही समाजवाद्याच्या मनात शंका असू नये. मुद्दा आहे तो नोंद कोणाच्या हाती राहते, ती कोणकोण वाचतो आणि जिची नोंद झाली त्या बाईला ती कधी पाहता येते का, हा. ग्रामपंचायतीत नमुना १ पासून नमुना ३३ पर्यंत नोंदवह्या असतात. घरपट्टीची आकारणी नमुना ८ मध्ये सापडते. मात्र गावकऱ्याचे कागद कोणी पाहिले, कोणाला दिले आणि का दिले, हे लिहिण्यासाठी या तेहतीस नमुन्यांत एकही रकाना नाही.

पूर्वी ग्रामपंचायतीचे दफ्तर म्हणजे एक लोखंडी कपाट आणि त्याची ग्रामसेवकाच्या खिशातली किल्ली. ती व्यवस्था आदर्श होती असे म्हणण्याचा भाबडेपणा करण्याचे कारण नाही; कपाट उघडण्यासाठी सरपंचाच्या वाड्यावर मुजरा करावा लागे. पण कपाट गावात होते आणि त्याचा जबाबदार माणूस नावानिशी ठाऊक होता. २०११ च्या सुमारास ‘संग्राम’ आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावाने ग्रामपंचायतीचे दफ्तर संगणकावर गेले. हे काम ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्याकडे आले नाही. वित्त आयोगाच्या निधीतून, म्हणजे गावाच्याच पैशातून, एका कंपनीला दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, कंपनीने केंद्रचालक नेमायचा आणि त्याच्या हातावर तुटपुंजे मानधन ठेवायचे, अशी ही रचना. या केंद्रचालकांना थकलेल्या मानधनासाठी वारंवार आंदोलने करावी लागली आहेत.

जन्ममृत्यूच्या नोंदी, घरपट्टी, दाखले, योजनांचे अर्ज, अंगठे, खातेक्रमांक असे साऱ्या गावाचे अंतरंग ज्याच्या बोटांखाली असते, तो ग्रामपंचायतीचा नोकर नाही, सरकारचा नाही आणि कंपनीचाही धड नाही. पंचायत समितीतून निरोप येतो: यादी आजच्या आज पाठवा. तो बिचारा कागदांची छायाचित्रे स्वतःच्या मोबाइलवर काढतो आणि तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. त्या गटात साहेब असतात, साहेबांचे चालक असतात, दोनचार ठेकेदार असतात आणि बदलून गेलेले कर्मचारीही असतात. या माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु गावाचे दफ्तर कंत्राटदाराच्या हवाली करण्याचा निर्णय त्याने घेतलेला नाही. पाणीपुरवठ्याचे खासगीकरण झाले तर मोर्चे निघतात. दफ्तराचे खासगीकरण झाले तेव्हा पुरोगामी पक्षांनी त्याला ‘संगणकीकरण’ म्हणून टाळ्या वाजवल्या.

शहरांची कथा निराळी नाही. बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, धारूर येथील नगरपरिषदांत आणि जिल्हा परिषदेत २०२२ पासून कित्येक वर्षे प्रशासक होते. बीडच्या नगरपरिषदांच्या निवडणुका व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला. घरकुलाचे अर्ज, फेरीवाल्यांची नोंदणी, मालमत्तांची मोजणी ही सारी कामे अशा काळात चालू राहिली, ज्या काळात तक्रार घेऊन जावे असा एकही लोकनियुक्त नगरसेवक किंवा सदस्य तेथे नव्हता. सत्तेच्या विकेंद्रीकरणाची भाषणे करीत करीत आपण विकेंद्रित केले ते फक्त माहिती गोळा करण्याचे काम.

या साऱ्या प्रश्नाचे सर्वांत उघडे आणि सर्वांत दुखरे टोक म्हणजे बीडच्या ऊसतोड स्त्रिया. २०१९ मध्ये या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली गेल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. विधिमंडळात प्रश्न विचारला गेला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे दर सहा जणींमागे एक. हा आकडा बाहेर आला नसता तर खासगी दवाखान्यांचा तो बाजार बिनबोभाट चालू राहिला असता. आकडा बाहेर आलाच पाहिजे होता. ज्यांनी तो बाहेर काढला त्यांनी समाजावर उपकार केले आहेत.

पण आकडा आणि नाव यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. तेरा हजार आठशे एकसष्ट हा आकडा राज्यकर्त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. त्या यादीतील एकेक नाव मात्र त्या बाईलाच पिंजऱ्यात उभी करते. फडात एक दिवस कामाला न जाणे याला ‘खाडा’ म्हणतात आणि त्याचा दंड उचलीतून कापला जातो. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो म्हणून पिशवी काढून टाका, हा सल्ला कोणाच्या हिताचा होता हे सांगण्याची गरज नाही. मग कोणती बाई दिवसात आहे, कोणतीला तिसरा महिना चालू आहे, कोणती क्षयाची औषधे घेते, ही माहिती मुकादमाच्या दृष्टीने किती मोलाची असेल? आशा सेविकेच्या वहीत ती सारी असते. सेविका गावातलीच असते, तिचा मोबदला अपुरा असतो, तिची वही तपासणारे पाच असतात आणि वही ठेवायला कुलूपबंद कपाट एकही नसते. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली उरल्या होत्या. अशा जिल्ह्यात गर्भारपणांची नोंद ठेवणे अपरिहार्य आहे. अपरिहार्य म्हणूनच ती कडेकोट असायला हवी होती. येथे तिचा उलट अर्थ लावला गेला: सरकारने विचारले म्हणून सांगणे बंधनकारक, आणि एकदा सांगितले की ते साऱ्यांचे.

करोनाच्या साथीत याच वृत्तीने उघड रूप घेतले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात विलगीकरणात ठेवलेल्या माणसांच्या डाव्या हातावर शिक्के मारण्यात आले. एप्रिलमध्ये राज्यभरातील सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड कामगारांना घरी परतण्याची परवानगी मिळाली आणि त्यांतील फार मोठा भाग बीडच्या वाटेला लागला. त्या दिवसांत परगावाहून आलेल्यांच्या व बाधितांच्या नावानिशी याद्या मोबाइलवरून कशा फिरत होत्या, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. विमानाने आलेल्याने आणलेला रोग, आणि वेशीवर अडवला गेला तो कोयता. बाधितांच्या दारावर फलक लावण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये अयोग्य ठरवली. तोवर साथीची पहिली लाट ओसरत आली होती.

आता पैशाकडे वळू. २०२३ मध्ये राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला आणि २०२५ मध्ये तो बंद झाला. दरम्यान बीड जिल्ह्याचे नाव विधानसभेत गाजले ते दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर आणि देवस्थानांच्या जमिनीवर उतरवलेल्या विम्यांमुळे. राज्यातील बोगस अर्जांची संख्या लाखांच्या घरात गेली आणि अर्ज भरणाऱ्या कितीतरी सेवा केंद्रांवर कारवाई करावी लागली. यातील युक्ती अगदी साधी आहे. कोणाचा गट क्रमांक किती, क्षेत्र किती, हे संगणकावर कोणालाही दिसते. भर घालायची ती फक्त एका आधार क्रमांकाची आणि एका खातेक्रमांकाची. आणि ते तर केंद्रातील झेरॉक्सच्या ढिगात पडलेलेच आहेत. खरा शेतकरी केंद्रावर येतो तेव्हा त्याला सांगितले जाते की तुमच्या गटावर विमा आधीच उतरलेला आहे. कोणी उतरवला, हे विचारले की उत्तर मिळते, ती माहिती देता येत नाही.

शेजारच्या परभणी जिल्ह्यात याहून मोठे प्रकरण घडले. गंगाखेडच्या एका खासगी साखर कारखान्याशी संबंधित असलेल्या शेतकऱ्यांच्या नावांवर त्यांच्या नकळत बँकांची कर्जे उचलली गेल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये गुन्हा नोंदला गेला. कर्जाची एकूण रक्कम तीनशे कोटींच्या वर सांगितली गेली. कारखान्याच्या प्रमुखाला २०१९ मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी ते तुरुंगातून विधानसभेवर निवडून आले. न्यायालयाचा निकाल काय लागायचा तो लागेल. पण आपल्या नावावर कर्ज आहे हे शेतकऱ्याला बँकेची नोटीस आल्यावर कळते, हे दृश्य मराठवाड्याने पाहिले आहे. एका कामासाठी दिलेला कागद दुसऱ्या कामासाठी वापरला जाणे म्हणजे काय, हे शिकण्यासाठी त्याहून वेगळ्या पाठ्यपुस्तकाची आवश्यकता नाही.

तरीही चळवळीतील कित्येक जुन्या, प्रामाणिक कार्यकर्त्यांना हा विषय परका वाटतो. त्यांचे आक्षेप दोन आहेत. खासगीपणा हे दारे लावून बसणाऱ्या मध्यमवर्गाचे कौतुक आहे. कोपीत राहणाऱ्या, उघड्यावर आंघोळ करणाऱ्या बाईला त्याचे काय? हा पहिला. आणि दुसरा असा की, लाभार्थींच्या याद्या चावडीवर लावा, हजेरीपट ग्रामसभेत वाचा, या मागण्या आपणच केल्या; आता नावे झाका म्हणणे म्हणजे स्वतःचेच शब्द गिळणे नव्हे काय?

पहिल्या आक्षेपात नकळत शोषकाचीच भाषा शिरलेली आहे. आडोसा नाही म्हणून लाज नाही, हा निष्कर्ष कोपीतील बाईने काढलेला नाही. ती तीन काठ्यांना लुगडे बांधून आंघोळ करते, कारण तिला आडोसा हवा आहे. आधारचा पहिला क्रमांक दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात; मलबार हिलवर नव्हे. माणसांना क्रमांक देण्याचा, त्यांचे ठसे घेण्याचा प्रयोग गरिबांपासूनच सुरू होतो, ही गोष्ट नवी नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी सबंध जमातींना गुन्हेगार ठरवून नोंदवहीत डांबले, त्यांच्या हजेऱ्या घेतल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, परंतु पारध्याच्या पालावर पोलीस आजही प्रथम जातात. वही रद्द झाली तरी वहीची स्मृती रद्द होत नाही, हे भटक्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब सार्वजनिक असलाच पाहिजे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपवले होते, ते याच तत्त्वावर. घरकुल कोणाला मिळाले, विहीर कोणाच्या शेतात झाली, किती दिवसांची मजुरी कोणाच्या नावावर पडली, हे गावाला कळले पाहिजे. नाही तर मेलेली माणसे रस्ते खणत राहतात. परंतु घरकुलाच्या यादीत नाव आणि रक्कम पुरे. तीत आधार क्रमांक कशाला? खातेक्रमांक कशाला? विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजार असे शेरे मारलेला कागद भिंतीवर कशाला? सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने मे २०१७ मध्ये दाखवून दिले की सामाजिक साहाय्य आणि रोजगार हमी यांसारख्या अवघ्या चार सरकारी संकेतस्थळांवरून तेरा कोटींच्या आसपास लोकांचे आधार क्रमांक उघडे पडले असावेत. हे काम कोणा चोराचे नव्हते. सरकारने ते स्वतःच मांडून ठेवले होते, आणि वर त्याला पारदर्शकता म्हटले होते. भ्रष्टाचार उघडा पाडायला ठेकेदाराचे देयक लागते, मजुराचा खातेक्रमांक लागत नाही. नेमके देयक मिळत नाही आणि खातेक्रमांक मात्र मिळतो.

सरकारला गुप्तता पाळता येत नाही, असेही नाही. १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या कलम १५ नुसार प्रगणकाने भरलेली नोंद कोणालाही पाहता येत नाही आणि ती न्यायालयात पुरावा म्हणूनही सहसा चालत नाही. तोच शिक्षक, तेच गाव, तेच घर. परंतु जनगणनेच्या कागदावर लिहिले की ते गुपित आणि योजनेच्या अर्जावर लिहिले की चव्हाट्यावर. फरक कागदाचा नाही. पहिल्या कागदाच्या मागे कायदा उभा आहे आणि दुसऱ्याच्या मागे साहेबाची घाई.

मग नवा कायदा झाला त्याचे काय, असे कोणी विचारील. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. हा कायदा बीडच्या डोळ्यांनी वाचून पाहावा. तो फक्त संगणकातील किंवा मागाहून संगणकात गेलेल्या माहितीला लागू होतो; ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात सुतळीने बांधलेले झेरॉक्सचे गठ्ठे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. अनुदान, लाभ, दाखला, परवाना यांच्यासाठी सरकारला नागरिकाची संमती दरवेळी मागण्याची गरज कलम ७ ने ठेवलेली नाही; आणि गरिबाचा सरकारशी संबंध येतो तो याच चार गोष्टींपुरता. सरकारी यंत्रणांना अधिसूचना काढून कायद्यातून वगळण्याची सोय कलम १७ मध्ये आहे. माहिती फुटली तर दंड अडीचशे कोटींपर्यंत होऊ शकतो, हे वाचून छाती फुगते. पण तो दंड जमा व्हायचा भारत सरकारच्या तिजोरीत. जिची माहिती फुटली तिला एक छदामही नाही. उलट माहिती-तंत्रज्ञान कायद्यात नुकसानभरपाई मागण्याचे जे एक कलम होते, ते काढून टाकण्याची तरतूद याच कायद्यात करून ठेवली आहे. आणि नागरिकाने खोटी तक्रार केली तर त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड! माजलगावच्या मजुराने दिल्लीच्या मंडळाकडे संगणकावरून दाद मागायची आणि तक्रार खोटी ठरली तर हंगामाच्या उचलीतून दंड भरायचा.

खरी मेख पुढेच आहे. याच कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकाराच्या कायद्यातील ८(१)(ञ) हे कलम बदलून टाकले, आणि बाकीच्या बहुतेक तरतुदींना अठरा महिन्यांची सवड देणाऱ्या सरकारने हा बदल मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये तत्काळ अमलात आणला. पूर्वी व्यक्तिगत माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, असे अधिकाऱ्याला दाखवावे लागे. जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही माणसाला नाकारता येणार नाही, अशी एक उमदी ओळही तेथे होती. ती गेली. आता माहिती ‘व्यक्तिगत’ आहे एवढे म्हटले की पुरे. २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणातील निकालापासून अधिकारी हे कलम ढालीसारखे वापरू लागलेच होते; आता ती ढाल संसदेनेच त्यांच्या हाती दिली. सार्वजनिक हिताचे कलम ८(२) शिल्लक आहे, हे खरे. पण ते वापरायचे की नाही हे ज्याच्या विरुद्ध माहिती मागायची तोच प्रथम ठरवणार.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर याचा अर्थ काय होतो? मजुराने हजेरीपटाची प्रत मागितली की त्यात इतर मजुरांची व्यक्तिगत माहिती आहे. ठेकेदाराचे देयक मागितले की ती ठेकेदाराची व्यक्तिगत माहिती. बोगस दाखल्यावर नोकरी मिळवल्याची तक्रार केली की दाखला व्यक्तिगत. ज्या कार्यालयाला तेरा हजार स्त्रियांच्या दुखण्याची लाज झाकण्याचे कधी सुचले नाही, त्याला ठेकेदाराच्या देयकाची एकाएकी लाज वाटू लागली आहे.

आणि माहिती मागणाऱ्याचे काय? त्याचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक अर्जावर असतो आणि अर्ज टपालात पडायच्या आत संबंधितांच्या कानी जातो, हा बीडमधील कोणत्याही कार्यकर्त्याचा अनुभव आहे. सकाळी अर्ज, संध्याकाळी घरी माणसे. एप्रिल २०१० मध्ये याच जिल्ह्यात, गावातील शिक्षणसंस्थेच्या कारभाराची माहिती मागणाऱ्या एका कार्यकर्त्याचा खून झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत तळेगाव येथे सतीश शेट्टी यांची हत्या झाली होती. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना ज्या रीतीने मारले गेले, त्याने सारा महाराष्ट्र हादरला. ते प्रकरण खंडणीचे, माहितीच्या अर्जाचे नव्हे. परंतु ज्या जिल्ह्यात निवडून आलेला सरपंच सुरक्षित नाही, तेथे एका कागदावर सही करून प्रश्न विचारणाऱ्याचा पत्ता बाहेर फोडणे याला कारकुनी चूक म्हणता येणार नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले आहे की अर्जदाराने घरचा पत्ता न देता टपालपेटीचा क्रमांक दिला तरी पुरे, आणि केंद्र सरकारने जानेवारी २०१४ मध्ये तो निकाल आपल्या कार्यालयांना कळवला. बीडमधील किती पंचायत समित्यांच्या भिंतीवर तो लावलेला आहे?

जातीविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. २०२३ च्या अखेरीपासून या जिल्ह्यात जातीजातींत जो दुरावा वाढला, त्याने २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर एकमेकांच्या दुकानांवर बहिष्काराची भाषा करण्यापर्यंत मजल गाठली. अशा जिल्ह्यात गल्लीवार नाव, जात, मोबाइल आणि मिळालेला लाभ यांची जुळवलेली यादी म्हणजे काडेपेटी आहे. ती निवडणुकीच्या कचेरीत कशी पोहोचते, हे प्रत्येक पक्षाला ठाऊक आहे; आणि ‘प्रत्येक’ हा शब्द येथे विचारपूर्वक वापरला आहे. आपल्याही कार्यकर्त्याला कोणी अशी यादी आणून दिली तर ती परत करण्याचे धैर्य आपल्यात आहे काय?

कामाचे म्हणायचे तर मागण्या मोठ्या नाहीत. काम झाल्यावर झेरॉक्स प्रत अर्जदाराला परत मिळावी किंवा त्याच्यादेखत फाडली जावी. प्रतीवर ती कशासाठी दिली ते तिरपे लिहून सही करण्याची सवय कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांवर लावावी. पंतप्रधानांची परवानगी त्याला लागत नाही. कोणाचे कागद कोणाला दाखवले याची एक नोंदवही, म्हणजे चौतिसावा नमुना, ग्रामपंचायतीने ठेवावा आणि तो ज्याचा त्याला पाहता यावा. केंद्रचालक ग्रामपंचायतीचा कायम कर्मचारी व्हावा, म्हणजे त्याला पगारही मिळेल आणि जाबही विचारता येईल. आशा सेविकेला कुलपाची पेटी मिळावी. यादीत नाव, काम आणि रक्कम एवढेच यावे, आणि ठेकेदाराचे देयक मात्र शेवटच्या पैशापर्यंत भिंतीवर लागावे.

ग्रामसभा वर्षातून चार ठरलेल्या दिवशी भरतात. २६ जानेवारीला कोयता कोल्हापूरच्या नाही तर कर्नाटकातल्या फडात असतो आणि त्याच्या गैरहजेरीत गाव त्याच्याविषयी ठराव करते. १ मेपर्यंत पट्टा पडून टोळ्या परतलेल्या असतात. १५ ऑगस्टला सारे गावात असतात. २ ऑक्टोबरच्या सभेनंतर थोड्याच दिवसांत ट्रक लागतात. त्या वेळी मुकादमाची उचल वाटून झालेली असते आणि सेवा केंद्रातला झेरॉक्सचा ढीग वर्षातला सर्वांत उंच असतो. बीड जिल्ह्यातील प्रत्येक शाखेने चौतिसाव्या नमुन्याचा ठराव याच सभेत, तोही ऊसतोड बायकांपैकी एकीकडून, मांडून घ्यावा आणि ग्रामसेवकाने तो इतिवृत्तात लिहीपर्यंत सभेतून उठू नये.